तुम्ही विचारलंत म्हणून: मी आविन्योंलाच का थांबते

"बाई, तो गेला कसा ते तुम्ही सांगतच नाही."

हे मला दरवर्षी ऐकावं लागतं. कधी वर्ग सुटल्यावर जिन्यात, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, एकदा तर मंडईत वांगी निवडताना. फ्रेंच शिकवायला लागून मला चौतीस वर्षं झाली आणि त्यातली बरीच वर्षं मी जेरार फिलीप या फ्रेंच नटावर लागोपाठ चार संध्याकाळी बोलत आले आहे. कालक्रम मी मुद्दाम मोडते, म्हणून चौथी संध्याकाळ आविन्योंवर संपते. जुलै 1951, दक्षिण फ्रान्समधल्या त्या गावातलं पोपच्या राजवाड्याचं अंगण, तालमीत रंगमंचावरून पडून जायबंदी झालेला नट आणि त्याने बसल्या बसल्या उभा केलेला रॉद्रीग, कॉर्नेयच्या 'ल सिद' या नाटकाचा नायक. तिथे मी प्रोजेक्टर बंद करते. त्यानंतर तो आठ वर्षं जगला हे तुमच्या फोनवरही आहे. तरी तुम्हाला ते माझ्या तोंडून हवं असतं. जुने विद्यार्थी तर म्हणतात, "पूर्वी सांगायचात की! आणि काय सांगायचात!"

सांगायचे. तिशी-पस्तिशीत मी तो शेवट आख्यान लावल्यासारखी सांगायचे. 25 नोव्हेंबर 1959, सदतिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर. मग एक श्वास घ्यायचे. मग रामात्युएल गावचं छोटं दफनस्थान आणि त्याच रॉद्रीगच्या पोशाखात पुरलेला तो. मग आणखी थांबून, ज्याच्या 'कालिगुला' नाटकाने 1945 मध्ये त्याला पॅरिसभर गाजवलं तो लेखक काम्यू सहा आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेला, हे. तोवर दुसऱ्या रांगेतली एखादी मुलगी डोळे पुसत असायची. मला ते आवडायचं. टाळी घेतल्यासारखंच होतं ते.

आता ती तरुण बाई समोर आली तर मी तिला विचारीन, की अगं, तो मेला तरुण, यात त्याचं कर्तृत्व काय? देखणा माणूस लवकर गेला की त्याचा कॅलेंडरवरचा देव होतो. पडद्यावर तलवार फिरवत, छपरांवरून उड्या मारत 1952 मध्ये त्याने सगळ्या युरोपला वेड लावलं, ते ठीक. पण त्याला रॉद्रीगसाठी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला होता. शोकांतिका आपला प्रांत नव्हे, असं त्याचं मत. दोन वर्षांनी तोच माणूस आपल्या पायांनी दिग्दर्शक झाँ व्हिलारकडे गेला आणि मला घ्या म्हणाला. तोपर्यंत तो सिनेमातला मोठा तारा झालेला होता. व्हिलारच्या सरकारी नाट्यसंस्थेत, तेएनपेत, मिळणारे पैसे सिनेमाच्या मानाने किरकोळ. जाहिरातीत नावं वर्णानुक्रमाने. आपल्याकडे 'नाइट' किती घेतो आणि जाहिरातीत नाव कुठे येतं यावरून दौरे मोडलेले मी पाहिलेत (माझ्या घरातच नट होता, सांगते पुढे), म्हणून मला हा वर्णानुक्रम त्याच्या सगळ्या तलवारबाजीपेक्षा मोठा वाटतो. पॅरिसमधल्या शायोच्या अडीच हजारांवर खुर्च्यांच्या नाट्यगृहात स्वस्त तिकिटं, डोअरकीपरला बक्षिसी द्यायची नाही, आणि पडदा वर गेला की उशिरा आलेल्याला आत सोडायचं नाही. हे शेवटचं पुण्यात कुणीतरी करून दाखवावं.

आणि त्याचे वडील. हे सांगितलं की वर्ग गप्प होतो, पण नंतर प्रश्न कुणी विचारत नाही. वडील दक्षिण फ्रान्समधले हॉटेलवाले, नाझींच्या बाजूच्या पक्षातले. युद्ध संपल्यावर त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहदंडाची शिक्षा झाली आणि ते स्पेनला पळाले. मुलगा ऑगस्ट 1944 मध्ये पॅरिसच्या नगरभवनात जर्मनांविरुद्ध उठलेल्यांमध्ये होता. नंतर डाव्यांच्या सभांना जाणारा, शांततेच्या पत्रकांवर सह्या करणारा हाच मुलगा बापाला भेटायला बार्सिलोनालाही जायचा. नटांची संघटना फुटली होती, ती त्याने 1958 मध्ये एकत्र आणली आणि तिचा अध्यक्ष झाला. त्याआधी त्याने एक लेख लिहिला होता, त्याचं शीर्षकच 'नट म्हणजे कुत्री नव्हेत'. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला एकमेव सिनेमा 1956 च्या शेवटी आला, बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले त्याच दिवसांत, आणि समीक्षकांनी तो उडवून लावला. पाठोपाठ तरुण समीक्षकांची पिढी त्याला जुनाट ठरवू लागली. हे सगळं मी सांगते. तुम्ही टिपूनही घेता. आणि तरी जिन्यात प्रश्न एकच, तो गेला कसा.

बरं, ऐका.

1959 च्या शरद ऋतूत त्याच्या पोटात दुखू लागलं. यकृतात अमिबामुळे गळू झालं असावं, असं वाटत होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशनसाठी पोट उघडलं तर यकृताचा कॅन्सर निघाला, हात लावण्यापलीकडे गेलेला. डॉक्टरांनी ते त्याच्या बायकोला, आनला, सांगितलं. त्याला सांगितलं नाही. तिने ठरवलं की सांगायचंच नाही. गळू काढलं, आता विश्रांती घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायचं, असं त्याला वाटत राहिलं. घरी आल्यावर तो ग्रीक शोकांतिका वाचत होता, पुढे करायच्या भूमिकांसाठी खुणा करत होता. दोन-अडीच आठवडे असे गेले आणि एका सकाळी तो संपला.

ही आन साधीसुधी बाई नव्हती. त्याच्याशी लग्न होण्याआधी ती चीनच्या पश्चिम टोकाच्या सिंक्यांगमधून काफिल्याबरोबर डोंगर ओलांडत काश्मीरला उतरली होती. वर्गात हे सांगायचे तेव्हा मी वर एक शेराही मारायचे, "एवढं धाडस केलेली बाई आणि नवऱ्याशी खोटं बोलली." मुलं हसायची नाहीत, पण त्यांना पटायचं. माझं तेव्हाचं मत पक्कं होतं. नटाचा सगळा जन्म खरं-खोटं ओळखण्यात जातो. त्याच्याभोवती बायको, डॉक्टर, नर्स, मित्र सगळे पात्रं झाले, आणि त्याला एकट्याला ठाऊक नव्हतं की नाटक चालू आहे. याहून मोठा अपमान कुठला? असं मी म्हणायचे. अगदी ठासून.

मग माझ्याकडे ती पाळी आली.

माझा नवरा बँकेत होता, पण ती त्याची नोकरी. त्याचं काम म्हणजे नाटक. हौशी. राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी उतरायचं, मिळालंच तर अभिनयाचं प्रमाणपत्र, एरवी उधारी. अकरा वर्षांपूर्वी गणपती उठले आणि त्याला कावीळ झाली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि माझ्या दिरांना बाहेर बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, फार तर दोन महिने. "पेशंटला सांगायचं का, ते तुम्ही ठरवा," असं म्हणून ते पुढच्या खोलीत गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना रोज चार जणांना असं सांगावं लागत असेल.

दीर म्हणाले, "वहिनी, दादाला नको. कोलमडेल तो." मी काहीच म्हणाले नाही. पण खोलीत गेले, त्याने "काय गं?" म्हणून पाहिलं आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "पित्ताशयात खडे आहेत. नळीत अडकलेत, म्हणून कावीळ." शिकवून ठेवल्यासारखं. तोवर मी कॉरिडॉरमध्ये जेमतेम दहा पावलं चालले होते.

पाच आठवडे मी ते खडे सांभाळले. आल्यागेल्याला दारातच गाठायचं, त्याला तेच वाक्य द्यायचं. बहिणीला, बँकेतल्यांना, त्याच्या ग्रुपमधल्या पोरांना. एक पोरगा रडायला लागला तर त्याला मी जिन्यात दामटला, "इथे रडायचं ते रड आणि मग आत चल." दिग्दर्शकाचा स्वर होता माझा. आणि हा आत उशीला टेकून पुढच्या स्पर्धेचं नाटक बसवत होता. मांडीवर संहिता, हातात पेन्सिल. स्त्री-पात्राची वाक्यं वाचायला मी.

एका दुपारी आम्ही दुसरा अंक वाचत होतो. मध्येच थांबून त्याने विचारलं, "खड्यांचं ऑपरेशन कधी करणार म्हणतात?" मी म्हणाले, "कावीळ उतरली की. घाई नाही." त्याने पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तालमीत नवख्या नटाकडे पाहायचा तसाच. मग म्हणाला, "फार सफाईने बोलतेस. पाठ केल्यासारखं."

मी हसले. हसले मी! म्हणाले, "चौतीस वेळा सांगून झालंय लोकांना, पाठ नाही होणार?" तोही हसला. पेन्सिल उचलली, "चल, मागच्या वाक्यापासून घे," म्हणाला. त्यानंतर एकदाही त्याने ऑपरेशनचं विचारलं नाही. एकोणीस दिवस.

त्याला कळलं होतं का? तुम्ही आविन्योंबद्दल विचारता तेव्हा मला हे ऐकू येतं. दीर म्हणतात, नाही, शेवटपर्यंत नाटक बसवत होता, कळलं असतं तर बसवलं असतं का? त्याचा मित्र म्हणतो, कळलं होतं म्हणूनच बसवत होता. मी दोघांनाही चहा देते. कळलं असेल, तर ते एकोणीस दिवस त्याने माझ्यासाठी प्रयोग केला आणि प्रेक्षक मी होते. कळलं नसेल, तर जे मी ठासून म्हणायचे त्या अपमानाची धनी मी.

मी सांगायला हवं होतं, असं काही दिवशी वाटतं. त्याला काही सांगायचं राहून गेलं असेल, बहिणीशी अबोला होता तो मिटवायचा असेल. आणि काही दिवशी वाटतं, त्या दुसऱ्या अंकाच्या दुपारी चांगल्या होत्या. त्या मी त्याच्याकडून कुठल्या अधिकाराने काढून घेणार होते? मग लगेच, पण मग खरं काढून घेण्याचा अधिकार कुणी दिला होता? हे असं फिरत राहतं. पुढे जात नाही.

आनने चार वर्षांनी, 1963 मध्ये, त्या दिवसांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात ती त्याला 'तू' म्हणते. सगळं पुस्तक त्याच्याशी बोलणं. तरुणपणी मला ती लेखनाची युक्ती वाटली होती आणि शैलीचं उदाहरण म्हणून मी वर्गात त्यातला उताराही दिला होता, सर्वनामांखाली रेघा मारून. माझा नवरा गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी ते पुन्हा उघडलं. जे तिला त्याच्या उशाशी बसून बोलता आलं नाही ते ती त्याला सांगत होती, उशिरा, छापून, सगळ्या फ्रान्ससमोर. मी वीस पानांवर मिटलं. आनवर मारलेला तो शेरा मी नंतर कधीच मारलेला नाही, पण तिची बाजूही घेतलेली नाही. घेतली तर माझीही घेतल्यासारखं होईल.

म्हणून आविन्यों. तिथे तो पडला, दुखत होतं, कुठे आणि किती ते त्याचं त्याला ठाऊक होतं, आणि उभं राहता येत नाही हे प्रेक्षकांनाही दिसत होतं. कुणी कुणापासून काही लपवलं नव्हतं. तिथवर मी हात न थरथरता बोलू शकते.

पुढची चार व्याख्यानं सप्टेंबरात आहेत, गणपतीनंतर. विचारायचं तर विचारा, नका विचारू असं म्हणत नाही. फक्त जिन्यात नको. माझा गुडघा दुखतो, कठड्याला धरून उतरावं लागतं, आणि खालच्या पायरीवर येईपर्यंत मी तुम्हाला काय उत्तर देईन याचा मला भरवसा नसतो.