झेन १९९८ : मागचा अ‍ॅक्सल अखेर जागेवर बसला

माझ्या मारुती झेनला चारही शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नवे टाकूनही वळणात मागून हिसका बसायची खोड गेली नव्हती, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. काल ती गेली. सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला दोन फेऱ्या मारल्या आणि आज लिहायला बसलोय.

समर्थ मंदिरावरून घाट चढताना उजव्या वळणात गाडी आधी छान वळायची, आणि वळणाच्या मध्यावर मागून एक हिसका बसायचा. स्टिअरिंग सरळ करताना तसाच दुसरा, उलट बाजूला. डाव्या वळणात कमी जाणवायचा. टायर चांगले, हवा प्रत्येक वेळी निघण्याआधी तपासलेली, त्यामुळे तो संशय नव्हता.

झेनला मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. त्याला पुढे-मागे ट्रेलिंग आर्म धरून ठेवतात, पण आडवा धरायला एकच लॅटरल रॉड : एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं बॉडीला. शॉकअप फक्त वर-खाली होणारी उसळी शांत करतो. अ‍ॅक्सल आडवा सरकत असेल तर शॉकअप कितीही भारी घाला, सरकायचा तो सरकणारच. हे मी आधी ध्यानात घ्यायला हवं होतं. जुने शॉकअप गळत होते, म्हणून तो खर्च वाया गेला असं नाही. पण सुरुवात रॉडपासून व्हायला हवी होती.

दोष सापडला तो गाडी चारही चाकांवर उभी असताना. भावाला मागून बॉडी डावी-उजवीकडे ढकलायला लावली आणि मी टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. अ‍ॅक्सल स्थिर आणि बॉडीकडच्या बुशात (टोकाच्या रबरी कड्यात) रॉडचं टोक सरळ सरळ हलतंय! रबर आतल्या नळीपासून सुटलेलं होतं. हीच गाडी जॅकवर चढवून मी तीनदा पाहिली होती, तेव्हा काहीच दिसलं नव्हतं, कारण लोंबकळत्या अ‍ॅक्सलवर आडवा जोरच येत नाही. ज्यांच्या झेनला किंवा मारुती आठशेला मागून अशी डुलकी येते, त्यांनी एक पैसा खर्च करण्याआधी ही तपासणी करावी.

बोल्ट मात्र सुटेना. साताऱ्याचे इतके पावसाळे खाऊन तो नळीला एकजीव झाला होता. दोन दिवस तेल सोडलं, ठोकून पाहिलं, शेवटी एमआयडीसीतल्या मिस्त्रींकडे कटरनं कापला आणि नवा बुश प्रेसवर बसवून घेतला. मी पाना उचलला तसं मिस्त्री म्हणाले, "सर, गाडी वर हाय तवर फुल आवळू नका. खाली घ्या, दोनदा दाबा, मग आवळा."

हे लाखमोलाचं आहे. रबरी बुशाची आतली नळी बोल्ट आवळला की जागेवर पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराला पीळ बसूनच होते. चाकं लोंबकळताना आवळलं, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुशही आता सोडून, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळले.

रबराऐवजी जास्त कडक पॉलीयुरेथेनचे बुश टाकावेत का, यावर दोन आठवडे विचार केला आणि रबरच ठेवलं. ही गाडी रोज राजवाडा ते गोडोली धावते; तेवढा कडकपणा आणि कुरकुर मला नको.

स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली बसवण्याचा सल्लाही मिळाला. मी ते करणार नाही. आठ चालू वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते, पण दबायला जागा कमी उरते आणि बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर लागणारा रबरी ठोकळा) आधी लागतो. शिवाय लॅटरल रॉडचा कोन बिघडतो. गाडी वर-खाली होताना तो रॉड कमानीत फिरतो आणि अ‍ॅक्सलला थोडं आडवं ओढतो. रॉड जितका आडवा सपाट, तितकं हे ओढणं कमी. आणि गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू न देणारं मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ आहेच; पंधरा वर्षांवरच्या गाडीला आरटीओत पुन्हा पासिंगला उभं राहायचं असतं.

मग पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. नायलॉनची दोरी बांधून घरीच मोजला तेव्हा चाकं पुढून ५ मिमी उघडी होती. अलाइनमेंटच्या मशीनवर तो जवळपास शून्यावर आणला. कॅम्बर (चाकाचा उभा कल) या गाडीत कंपनीनं दिलेल्या सोयीनं बदलता येत नाही.

काल सकाळी घाट रिकामा होता. त्याच उजव्या वळणात, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगानं गेलो. गाडी एकदाच कलली आणि वळण संपेपर्यंत तशीच राहिली. वर थांबून खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा बघत दहा मिनिटं उभा राहिलो, इतकं बरं वाटलं.

आता उरलंय ते पुढे डाव्या बाजूचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर डावीकडे ८ मिमी कमी भरतंय. स्प्रिंग बसली आहे की वरचं माउंटिंग, हे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) काढल्यावरच कळेल. स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर मिळाला की पुढच्या रविवारी उघडतो.