नासकं अंडं आणि निळी चहादाणी

चिनी मातीची एक चहादाणी. तिच्याकडे पाहत नवरा म्हणतो, किती परिपूर्ण आहे नाही? नवी नवरी भारावून उत्तर देते, हो ना, आता आपण हिला शोभेल असं जगायला हवं! लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात १८८० साली जॉर्ज द्यू मोरिये याने काढलेलं हे व्यंगचित्र. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचं खूळ तेव्हा तिथल्या बड्या घरांत शिगेला पोचलं होतं. त्या चहादाणीत कुणी चहा केला असेल, असं काही वाटत नाही.

पण चित्र नीट पाहावं, तर त्यात व्यंग सापडतच नाही. ना फुगवलेलं नाक, ना सुटलेलं पोट. त्याच्या चित्रांतल्या बायका उंच, देखण्या. झग्याची चुणी न् चुणी मन लावून रेखलेली. (तरुणपणीच एका डोळ्याची दृष्टी गेलेला माणूस हा!) सगळा डंख खालच्या संवादात. तेवढ्या ओळी हाताने झाका, हेच पान फॅशनच्या अंकात बिनदिक्कत खपेल. जीभ तिरकी, पण हात त्या मंडळींच्या प्रेमात पडलेला.

शिवाय खऱ्या उमरावांना तो फारसा बोचकारत नाही. त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्यानेच रचलेलं पात्र, मिसेस पॉन्सन्बी डी टॉमकिन्स. बाई महाहुशार, नवरा गरीब गाय. आपल्या दिवाणखान्याला बड्यांचे पाय लागावेत म्हणून तिच्या नाना खटपटी. वर चढू पाहणाऱ्याला हसलं की वरचे खूश, आणि खालीच राहिलेलेही खूश. माझ्या मते ही थट्टा जरा सोयीचीच.

१८९५ मधलं चित्र मात्र वेगळं. बिशपच्या घरी न्याहारी चालली आहे. बिशप म्हणतात, तुमचं अंडं नासकं निघालं वाटतं. पाहुणा आलेला कनिष्ठ धर्मगुरू घाईघाईने म्हणतो, छे छे, साहेब, याचे काही भाग तर उत्कृष्ट आहेत! हसू त्या बिचाऱ्याचंच येतं. पण बिशप कुठे वाईट वागले? उलट आपुलकीने विचारताहेत. तरी समोरचा नासकं अंडं गिळायला तयार. बडेपणावर याहून जळजळीत बोलणं अवघड आहे. आणि बड्या घरांतून तेही मजेत वाचलं गेलं असणार.