चोविसावी पट्टी

दिवाळी उलटून चार-पाच दिवस झाले होते. शनिवारी आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात गर्दी असते, त्यामुळे त्या ताई कधी येऊन बाकावर बसल्या ते कळलंच नाही. नंबर आल्यावर त्यांनी पिशवीतून कापडाच्या पट्ट्यांचा एक जुडगा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. सेफ्टी पिन लावून सगळ्या पट्ट्या एकत्र केल्या होत्या.

"मॅडम, आधी हे बघा. मग पावती दाखवते."

ब्लाऊजच्या अस्तराच्या त्या पट्ट्या होत्या. दोन बोटं रुंद, हातभर लांब. प्रत्येकीच्या कोपऱ्यात बॉलपेनने तारीख आणि वेळ. मी मोजल्या, तेवीस निघाल्या. पहिल्या पट्टीवर मशीन नुकतंच सुरू केल्यावरची शिलाई होती, अगदी रेषेत, टाक्याला टाका लागलेला. दुसऱ्या पट्टीवर अर्ध्यावर एक टाका सुटला होता, पुढे दोन, मग चार. तिसरी उलटी करून पाहिली तर खालचा दोरा सैल होऊन त्याच्या गाठी झालेल्या. पुढच्या पट्ट्या वेगळ्या दिवसांच्या होत्या, पण क्रम तोच. मशीन थंड असताना शिलाई चांगली, तापलं की टाके सुटायचे.

आठ वर्षं मी हे काम करते. माणसं पावती हरवून येतात, खोकं फेकून येतात, नुसता राग घेऊन येतात. असा पुरावा घेऊन आलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, हे ठेवायचं कुणी सुचवलं? म्हणाल्या, "कुणी कशाला? मी शिवणकाम करते. नवीन मशीन घेतलं की चिंधीवर चालवून बघायचं असतं."

कराडजवळच्या एका गावात त्या राहतात. ब्लाऊज शिवणं आणि साड्यांना फॉल-पिको करणं यावर घर चालतं. दसऱ्याच्या आधी त्यांनी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून मोटर बसवलेलं मशीन मागवलं, १६,५०० रुपयांचं. त्यातले १०,००० बचत गटातून उचललेले. विक्रेता परराज्यातला. मशीन आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ॲपवर तक्रार केली. तेव्हा सात दिवसांची परतीची मुदत शिल्लक होती. पण 'परत करा' हे बटण दाबलं की 'आधी तंत्रज्ञ भेट देईल' असं यायचं. तंत्रज्ञ आला सहाव्या दिवशी. त्याने दोन मिनिटं मशीन चालवलं, "मस्त चालतंय" म्हणाला, मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला आणि गेला. ओटीपी दिला म्हणजे 'तक्रार सुटली' असं आपण मान्य केलं, हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी संदेश आला की परतीची मुदत संपली आहे.

हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता ऐकतानाच पुढचं कळतं. मुदत संपेपर्यंत माणसाला भेटीगाठीत अडकवून ठेवायचं. मला याची मनापासून चीड येते. नियम तर अगदी स्पष्ट आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. सात दिवसांची मुदत कंपनी स्वतःच्या सोयीने ठरवते. तिने कायदा बाजूला पडत नाही.

आम्ही तिथूनच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन लावला आणि तक्रार नोंदवली. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही. ती मध्ये पडून तक्रार पुढे पाठवते आणि उत्तर मागवते. पुष्कळ प्रकरणं तेवढ्यानेही मिटतात. हे मिटलं नाही. आठवड्याभराने उत्तर आलं: तंत्रज्ञाच्या अहवालानुसार दोष नाही, शिवाय ग्राहक मशीनचा व्यावसायिक वापर करतात, त्यामुळे वॉरंटी लागू नाही.

हे दुसरं वाक्य वाचून ताई खचल्या. "मी पैसे घेऊन शिवते हे खरंच आहे ना मॅडम. मग मी ग्राहक नाही का?"

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याचं उत्तर आहे आणि ते मी त्यांना पुस्तक उघडून वाचून दाखवलं. कलम २, पोटकलम ७. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी प्रयोजना'त मोडत नाही. रिक्षावाला, शिवणकाम करणारी बाई, घरी दळण दळून देणारी बाई, हे सगळे ग्राहकच. दुसरं म्हणजे मशीन विकताना त्या पानावर 'टेलरिंग व्यवसायासाठी उत्तम' असं लिहिलं होतं. आता ते वाक्य तिथून गायब झालं होतं, पण ताईंच्या मुलीने मागवतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवला होता. तो सापडला तेव्हा मला हायसं वाटलं.

मी दोन पानांची नोटीस लिहिली. एक प्रत विक्रेत्याला, एक बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, दोन्ही स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता बाजारपेठेकडे लेखी मागून घेतला. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितला तर तो द्यावाच लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, ही मुदत तारखांसह लिहिली. शेवटी लिहिलं की अन्यथा सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. पूर्वी विक्रेता दूरचा असला की माणूस दबून जायचा. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. अकराव्या दिवशी फोन आला, पुन्हा तपासणी करतो म्हणाले. मी अट घातली की तपासणीला मी हजर राहीन.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी गावात पोहोचले. मशीन ओसरीवर खिडकीशी होतं, त्याच्यावर जुन्या साडीचं शिवलेलं झाकण. तंत्रज्ञ मोटारसायकलवरून आला, पंचविशीचा मुलगा, घामेजलेला. त्या दिवसातल्या आणखी पाच भेटी त्याच्या डोक्यावर होत्या. त्याने चिंधी घेतली, मशीन चालवलं, दहा सेकंदांत म्हणाला, "चालतंय की ताई."

"चालू दे दादा. आता मी शिवते तसं मी शिवते, तू बघ."

ताई स्टुलावर बसल्या. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी अस्तराची लांब पट्टी घेतली आणि शिवत राहिल्या. पट्टी संपली की वळवायची आणि पुन्हा पहिल्या शिलाईला लागून दुसरी. कुणी बोललं नाही. पाच-सहा मिनिटं आवाज एकसारखा होता. मग तो जड झाला, ओझं घेऊन चढ चढताना माणसाचा श्वास होतो तसा. अकरा एकोणीसला पहिला टाका सुटला. ताईंनी हात न थांबवता फक्त बोट ठेवून दाखवला. पुढे आणखी तीन सुटले.

मुलाने त्यांना उठवलं आणि स्वतः बसला. नवीन सुई घातली, दोरा काढून पुन्हा ओवला, बॉबिन केस बाहेर काढून पुसली, टेन्शनचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पुन्हा चालवलं, पुन्हा टाके सुटले. मग त्याने मशीन मागे कलतं केलं, खालच्या दांड्याच्या बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्याला, बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"बुश घट्ट आहे," तो हळूच म्हणाला. "तेल आत पोचतच नाहीये."

त्याने बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन केला. आत आला तेव्हा चेहरा उतरला होता. "मी फक्त 'तपासणी केली' एवढंच लिहितो." त्या मुलावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. भेटीमागे पैसे मिळणारा पोरगा तो, काय लिहायचं ते त्याला वरून सांगितलेलं. मी कायदा सांगायला तोंड उघडणार होते, तेवढ्यात ताई बोलल्या.

"दादा, तुझ्या बोटाला जे लागलं तेवढंच लिही. एक अक्षर जास्त नको."

तो काही वेळ उभा राहिला. मग खाली बसून त्याने लिहिलं: 'मशीन ९ मिनिटे चालवल्यावर टाके सुटतात. सुई व दोरा बदलून फरक नाही. बुश गरम व घट्ट.' ताईंनी ते दोनदा वाचलं, मी फोटो काढला आणि मगच त्यांनी ओटीपी सांगितला. त्या दिवशीच्या पट्टीवर तारीख घालून ताईंनी सही केली, मी केली, आणि न सांगता त्यानेही केली. ती चोविसावी.

अठरा दिवसांनी १६,५०० रुपये खात्यात परत आले, वर २,००० नुकसानभरपाई. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दिवाळीच्या तोंडावर त्यांची ब्लाऊजं दुसरीकडे गेली होती, गटाचा हप्ता थकला होता. त्याचा हिशेब आयोगापुढे मांडता आला असता, तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. मी दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "लग्नसराई सुरू झाली मॅडम. मला मशीन हवंय, तारखा नकोत." निर्णय त्यांचा होता. तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी मी त्यातलं 'मालात कोणताही दोष नव्हता' हे वाक्य तेवढं खोडायला लावलं.

नवीन मशीन त्यांनी कराडमधल्या दुकानातून घेतलं. दुकानात बसून अर्धा तास शिवून पाहिलं आणि मगच पैसे दिले. जुनं मशीन न्यायला माणूस आला तेव्हा मला फोन आला, झाकण बरोबर द्यावं लागतं का विचारायला. म्हटलं, ते तुमचं, ठेवून घ्या. पट्ट्या परत नेऊ का, असंही त्यांनी विचारलं, पायपुसणं शिवायला उपयोगी पडतील म्हणून. तेवीस मी पाठवून दिल्या. तीन सह्यांची माझ्या फाइलमध्ये आहे.