यशोगाथेतून गळून पडणाऱ्या अटी

सरकारी निधीतून झालेले काम पूर्ण झाले की उपयोगिता प्रमाणपत्र सादर होते. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागलाच पाहिजे, त्यामुळे हा कागद आवश्यकच आहे. परंतु मंजूर रक्कम मंजूर कामावर खर्च झाली, एवढेच त्यातून कळते. बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकले, त्याखालच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरून राहिल्या का, आणि राहिल्या असतील तर ते पाणी कोणाच्या शेतात गेले, हे प्रश्न त्या नमुन्यात येत नाहीत. योजनेचे मूल्यमापन मात्र याच प्रश्नांपासून सुरू व्हायला हवे.

जलयुक्त शिवार अभियानाच्या बाबतीत हा फरक ठळकपणे समोर आला. या अभियानावर 9,633 कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्याच्या आणि गावांना पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्याच्या उद्दिष्टावर त्याचा परिणाम अल्पच झाला, असा निष्कर्ष नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने 2020 मध्ये मांडला. त्यावर झालेली चर्चा बहुतांशी राजकीय होती. मला महत्त्वाचा वाटतो तो पद्धतीचा प्रश्न. भूजलाची पातळी पावसावर आणि उपशावरही अवलंबून असते, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी आणि तशाच पावसाच्या, तशाच खडकाच्या, पण काम न झालेल्या गावांशी तुलना, या दोन्ही गोष्टी हाताशी नसतील तर यशाचा दावा आणि अपयशाचा आरोप सारखेच अधांतरी राहतात. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. म्हणजे कच्ची सामग्री आहे, ती योजनेच्या आखणीतच गुंफण्याची सवय मात्र नाही.

अशी तुलना करायची तर कोणाला तरी लाभापासून वंचित ठेवावे लागेल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे. मेक्सिकोने 1997 मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देणारी योजना सुरू करताना त्यावर मार्ग काढला. सर्व गावांना एकाच वेळी सामावून घेणे शक्य नव्हतेच, म्हणून अभ्यासासाठी घेतलेल्या 506 गावांपैकी 320 गावांना आधी आणि 186 गावांना नंतर लाभ द्यायचा, हा क्रम यादृच्छिक निवडीने ठरवला गेला. 2000 मध्ये सत्तांतर झाल्यावरही योजना बंद पडली नाही, उलट विस्तारली. हाती असलेल्या पुराव्याचा त्यात मोठा वाटा होता. आपल्याकडेही बहुतेक योजना टप्प्याटप्प्यानेच राबवल्या जातात. सारखीच निकड असलेल्या गावांमधला क्रम सोडतीने ठरवला, तर कोणाचेही नुकसान न होता तुलना शक्य होईल आणि वशिल्याला वावही उरणार नाही.

चांगल्या अनुभवांच्या देवाणघेवाणीत याहूनही मोठी उणीव दिसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला आजवर असंख्य अभ्यासदौरे गेले आहेत. तिथले समतल चर आणि बंधारे छायाचित्रांत सहज येतात, आणि परतल्यावर नेमकी त्यांचीच नक्कल होते. पण या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, सिंचनासाठी बोअरवेल घेण्यास मनाई केली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावरून पिके ठरवण्याची रीत घालून घेतली. साठवलेले पाणी टिकले ते या बंधनांमुळे. बंधारा अंदाजपत्रकात बसतो, पण बोअरवेल न घेण्याची तयारी कोणत्याही लेखाशीर्षातून येत नाही, आणि म्हणूनच यशोगाथा लिहिताना सर्वांत आधी तीच गळून पडते. पोपटराव पवारांसारखे दीर्घकाळ टिकलेले नेतृत्व हाही त्या यशाचा एक भाग आहे. तो लपवण्याऐवजी स्पष्ट सांगितला, तर असे नेतृत्व नसलेल्या गावाला आपली वेगळी वाट वेळीच शोधता येईल.

म्हणून यशोगाथांच्या विहित नमुन्यात तीन रकाने असावेत असे मला वाटते: गावाने स्वतःवर कोणती बंधने घातली, कोणते प्रयत्न फसले, आणि निधी थांबल्यानंतर तिसऱ्या वर्षी काय उरले. यातील तिसरा रकाना भरण्यासाठी अधिकाऱ्यांना गावात पुन्हा जावे लागेल, आणि त्या भेटीची तरतूद योजनेच्या मूळ अंदाजपत्रकातच करावी लागेल.