झाकण उघडलं की सुरू होणारी गाडी

एकाच गाडीची सहा दिवसांत दोन बिलं झाली. त्यातलं दुसरं घ्यायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाव पीचट्री सिटी, जॉर्जिया. अटलांटाच्या दक्षिणेला. इथे गोल्फ कार्ट फक्त गोल्फसाठी नसते. गावभर झाडीतून सुमारे शंभर मैलांच्या वाटा काढल्या आहेत. लोक त्यावरून कार्ट घेऊन किराणा आणायला जातात, पोरं हायस्कूलला जातात. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं जुन्या कार्टसुद्धा रोजच्या वापरात असतात आणि आमच्यासारख्या वर्कशॉपचं पोट चालतं. इथे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. मी 'गॅसच्या गाड्या दुरुस्त करतो' असं सांगितलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे सिलिंडर येतो. म्हणून आधीच सांगतो, ही गाडी पेट्रोलची.

1997 ची क्लब कार कंपनीची डीएस मॉडेलची गोल्फ कार्ट. इंजिन कावासाकीचं एफई290, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. तक्रार अशी: सकाळी एका दमात सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं चालते, मग वाटेत बंद पडते. सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मालक निवृत्त गृहस्थ, स्वभावाने शिस्तीचे. त्यांनी बदललेल्या मालाची यादीच आणली होती: बॅटरी, सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा स्विच), प्लग, फ्युएल फिल्टर, इग्निशन कॉइल आणि अख्खा कार्बोरेटर. हे सगळं घरी येऊन काम करणाऱ्या एका माणसाने केलं होतं. मोजायचं नाही, बदलत सुटायचं, अशी एक जमात सगळ्या देशांत आहे. कार्बोरेटर ऑनलाइन मागवलेली नक्कल होती. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, मूळ जेटच्या मापाचा असेलच याची खात्री नसते. मूळ कार्बोरेटर मालकांनी जपून ठेवला होता. मी उघडून पाहिला, आत फ्लोटच्या वाटीत जरासा डिंक होता, बाकी काही नाही. साफ करून तोच परत बसवला.

या गाड्या सुरू कशा होतात हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. गाडी उभी असताना इंजिन बंद असतं, आयडलिंग नाहीच. किल्ली फिरवून पेडल दाबलं की पेडलखालचा मायक्रोस्विच सोलेनॉइडला करंट देतो आणि सोलेनॉइड सेल्फला. हा सेल्फच पुढे जनरेटर होतो. एकच यंत्र, इंजिनला पट्ट्याने जोडलेलं. आधी ते इंजिनला फिरवतं, मग इंजिन त्याला. वेग वाढला की क्लच पकडतो आणि गाडी हलते. पेडल सोडलं की कॉइलची किल वायर (ठिणगी तोडायची वायर) अर्थ होते, म्हणजे गाडीच्या धातूला जोडली जाते, ठिणगी मरते, इंजिन बंद. म्हणजे बाजारातून घरी येईपर्यंत ही गाडी पन्नास वेळा 'स्टार्ट' होते. स्कूटरवाल्याला सेल्फचा जेवढा त्रास वर्षात होतो, तेवढा इथे आठवड्यात होतो.

पहिल्या दिवशी मी नेहमीच्या क्रमाने गेलो. बॅटरी उभ्याने 12.6 व्होल्ट, सेल्फ मारताना 10.3. ठीक. साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबल आणि तिचे जोड वाटेत किती व्होल्ट खातात ते. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि कुणीच करत नाही, याचा मला मनापासून राग येतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवायचं, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. आणि सेल्फ मारायचा. केबल धड असेल तर 0.2 व्होल्टच्या आसपास दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल किंवा तिचा एखादा जोड करंट खातोय. इथे 0.7 आलं. फ्रेमवरचा बोल्ट काढला तर खाली गंजाचा थर. घासून, केबलचं टोक नवीन लावून पुन्हा मोजलं, 0.15. सेल्फचा आवाजच बदलला. पट्टाही ढिला होता. मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचाहून बराच जास्त जात होता, तो ताणला.

पण सेल्फ सुस्त फिरणं हे मालकांच्या तक्रारीचं उत्तर नव्हतं. त्यांची गाडी गरम झाल्यावर बंद पडत होती.

घरी येऊन काम करणाऱ्या त्या माणसाला दोष सापडला नाही याचं एक कारण मला लगेच दिसलं. तो मागची चाकं जॅकवर उचलून इंजिन पळवत होता. चाकं हवेत असली की इंजिनवर भार नाही. भार नाही म्हणजे पेट्रोल थेंबथेंब जातं आणि इंजिन धड तापतही नाही. असा दोष जॅकवर तासभर वाट पाहिली तरी दर्शन देत नाही. मी गाडी वाटेवर नेली, चढ असलेल्या बाजूला. सोबत स्पार्क टेस्टर, प्लगचा पाना आणि एक रिकामी बाटली.

चोविसाव्या मिनिटाला गचके देत बंद.

प्लग आणि वायर यांच्यामध्ये टेस्टर लावून सेल्फ मारला, दिवा लुकलुकला. ठिणगी आहे. प्लग काढला, कोरडा ठाक. कार्बोरेटरच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रेचा जरासा फवारा मारला, इंजिन दोन सेकंद धडधडलं आणि मेलं. म्हणजे पेट्रोल येत नाही. पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून काढून बाटलीत सोडली आणि सेल्फ मारला. या इंजिनाचा पंप विजेचा नाही. क्रँककेसमधल्या (इंजिनच्या खालच्या पेटीतल्या) हवेच्या धक्क्यांवर त्याचा पडदा वरखाली होतो. चांगल्या पंपातून ठसक्यांनी पिचकारी यायला हवी. आली ती लाळ. आता पडदा फाटला का, धक्क्याची नळी चिरली का, की पंपाला मागून पेट्रोलच मिळत नाही?

टाकीचं झाकण फिरवलं. जोरात 'स्सss'. पुन्हा सेल्फ मारला, बाटलीत पिचकारी.

झाकणात हवा आत यायला बारीक भोक असतं. इथली माती कोकणातल्यासारखी लाल आणि चिकट. ती त्या भोकात पेट्रोलच्या डिंकाबरोबर बसून सिमेंट झाली होती. हवा आत येत नाही, पेट्रोल बाहेर जातंय, टाकीत निर्वात वाढतोय. पडद्याच्या पंपाची ओढ ती किती? शेवटी टाकी पंपापेक्षा जोरात ओढायला लागते. जुन्या स्कूटरवर हात बसलेल्या माणसाने हे पहिल्या पाच मिनिटांत तपासलं असतं, आणि मीही वाटेवर जायच्या आधीच तपासायला हवं होतं.

मालकांच्या यादीत एक ओळ मी आधी हसण्यावारी नेली होती: 'शनिवारी जास्त त्रास. त्या पंपाचं पेट्रोल खराब.' ते दर शनिवारी टाकी काठोकाठ भरत. पेट्रोलचा दोष नव्हता, पण निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. टाकी साधारण 26 लिटरची. गच्च भरली की वर हवेला जागा उरते समजा दोन लिटर. त्यातून अर्धा लिटर पेट्रोल गेलं की दोन लिटरची हवा अडीच लिटरभर पसरते, दाब वीस टक्के उतरतो. तेच टाकी अर्धी असेल तर तेरा लिटरची साडेतेरा, चार टक्केसुद्धा नाही. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, पण हिशोब तोच. टाकी जितकी भरलेली तितकी गाडी लवकर बंद. आणि अर्धा तास थांबल्यावर सुरू का, तर झाकणाच्या रबरातून हवा हळूहळू झिरपते. कधी मालक 'पेट्रोल आहे ना' म्हणून झाकण उघडून बघत, तेव्हा गाडी लगेच सुरू होई. ते म्हणायचे, नशीब.

नवीन झाकण, केबलचं टोक, पट्टा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात चाळीस मिनिटं फिरवली, टाकी भरलेली. एकदाही कुरकुर नाही. बिल दिलं.

सहाव्या दिवशी गाडी टोइंगने परत. मालकांचं वाक्य जसंच्या तसं: आधी निदान झाकण उघडलं की सुरू व्हायची, आता तेही बंद.

रविवारी नातवंडांना घेऊन ते सव्वा तास फिरले होते. गाडी आली तेव्हा इंजिन अजून चांगलंच गरम होतं, ही माझी नशिबाची बाजू. झाकण उघडलं, आवाज नाही. प्लग काढला, या वेळी ओला. टेस्टर लावला, अंधार. ठिणगीच नाही.

कॉइलला येणारी पांढरी-काळी किल वायर सोडवली. सेल्फ मारताच ठिणगी. म्हणजे कॉइल चांगली, कुणीतरी तिचा गळा दाबून ठेवलाय. या गाड्यांत अशा वेळी पहिला संशय आरपीएम लिमिटरच्या डबीवर जातो, कारण वेग जास्त झाला की ती याच वायरीतून ठिणगी तोडते. डबीचा आणि पेडलच्या स्विचचा कनेक्टर काढला, तरी वायर अर्थच. आता उरली फक्त वायर. मीटर ओहमवर ठेवून एक टोक वायरीला, एक फ्रेमला: 0.4, म्हणजे वायर कुठेतरी धातूला टेकलेली. तसंच लावून बसून राहिलो. इंजिन निवत गेलं, आणि अठराव्या मिनिटाला मीटरचा आकडा उडाला. वायर मोकळी.

कॉइल बदलताना त्या माणसाने वायर तिच्या मूळ क्लिपमध्ये न घालता झिप टायने सायलेन्सरच्या ब्रॅकेटला आवळली होती. टायखाली प्लास्टिक चपटं, चकचकीत, आणि मधून तांब्याचा एक केस बाहेर. गरम झालं की प्लास्टिक मऊ पडायचं, टाय दाबायचा, तांबं ब्रॅकेटला टेकायचं. गार झालं की सुटायचं.

लक्षण तेच, अर्ध्या तासाचं औषधही तेच, आणि दोष दोन वेगळे. पहिला शोधताना दुसरा कुणीतरी तयार करून ठेवलेला. आणि पहिला दोष दुसऱ्याला झाकत होता: झाकणामुळे गाडी पंचवीस मिनिटांत मरायची, तेवढ्यात तो ब्रॅकेट पुरता तापतच नव्हता. मी झाकण बदललं, गाडी सव्वा तास पळाली, वायर भाजली. 'तुमच्या दुरुस्तीनंतर बिघडली' हे मालकांचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि तरी दुरुस्ती चुकीची नव्हती. हे काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाला पटवून बघा.

तेवढा भाग कापून 16 गेजचा नवीन तुकडा घातला. जोड क्रिंपचा, वर हीट श्रिंक, ब्रॅकेटजवळून जाताना फायबरग्लासची बाही, आणि वायर परत मूळ क्लिपमध्ये. काही जण ती वायर कायमची सोडून देतात, 'सुरू झाली ना' म्हणून. मग पेडल सोडलं तरी इंजिन मरत नाही आणि उताराला वेगावर लगाम उरत नाही. अशा गाडीवर पंधरा वर्षांची पोरं शाळेत जातात. या वेळी दीड तास फिरवली, भर दुपारी, टाकी काठोकाठ.

आमच्या मॅनेजरचं मत सरळ होतं: वायर दुसऱ्याने भाजली, एक तासाची मजुरी लाव. मी लावली. मालकांनी काही न बोलता कार्ड काढलं, आणि ते काही न बोलणंच मला टोचलं.

काम सुरू करण्याआधी इंजिनाचे फोटो काढून ठेवायची सवय आहे, कुठली नळी कुठे होती यासाठी. परवा पहिल्या दिवसाचे फोटो मोठे करून पाहिले. पट्ट्याच्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, सायलेन्सरच्या ब्रॅकेटवर काळ्या झिप टायचं कापलेलं टोक दिसतंय.