आजोबांची एकनळी कितीला जाईल?

“आजोबांची जुनी एकनळी बंदूक आहे. फोटो पाठवलाय. कितीला जाईल?”

हा प्रश्न मला सतत येतो. माझ्या वडिलांचं दक्षिण कोकणात बंदुका विकायचं आणि दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. वडील नळी उजेडाकडे धरून आतून बघायचे आणि मग माझ्या हातात द्यायचे, “तू सांग, काय दिसतं?” दुकान आता नाही, पण विचारणारे आहेत. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

तुमच्या फोटोत बंदूक पलंगावर आडवी ठेवली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे असाच फोटो काढतात. त्यावरून मला बंदूक आहे एवढंच कळतं. मला बघायची असते ती नळीची खालची बाजू.

पण त्याआधी दोन गोष्टी. ती रिकामी आहे का? मधून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडणारी असेल तर तोंड मोकळ्या जागेकडे धरून उघडा आणि आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघा. ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची असेल तर तिला हात लावू नका, जाणकाराला बोलवा. घरात वर्षानुवर्षं भरलेली टांगून ठेवलेली ठासणीची बंदूक मी स्वतः पाहिली आहे. वडिलांनी नळीत गज घातला आणि तो बोटभर आधीच अडला, तेव्हा घरातल्यांचे चेहरे पांढरे पडले होते.

दुसरी गोष्ट, परवाना कोणाच्या नावावर आहे? आजोबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा परवानाही संपला. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं, की बाळगण्याचा हक्क संपला की विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं, असा समज आहे म्हणून लोक ते माळ्यावर लपवतात. तसं नसतं. वारसाला स्वतःचा परवाना मिळवून ते परत घेता येतं, किंवा जमा असतानाच हक्काच्या माणसाला विकता येतं. लपवलेल्या बंदुकीला मात्र किंमतच नाही, उलट गुन्हा आहे. आणि “शंभर वर्षांची झाली, आता परवाना लागत नाही” हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की स्पष्टच लिहिते: वय मोजून सूट मिळत नाही. कलम ४५मधली सूट दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा निकामी, जुन्या काळच्या शस्त्रांना आहे. तुमची एकनळी शंभरीची असली आणि चालत असली, तर परवाना हवाच.

परवान्याचं पुस्तक सापडलं तर त्यातलं पान बघा. ‘एसबीबीएल’ लिहिलं असेल तर एकनळी, मागून काडतूस भरायची. ‘एसबीएमएल’ म्हणजे ठासणीची. नंबर पुस्तकातला आणि लोखंडावरचा एकच आहे का, हेही त्याच वेळी ताडून घ्या.

आता खालची बाजू. नळीखालचं पुढचं लाकूड विक्रेत्याकडून किंवा कारागिराकडून काढून घ्या. जिथे पाऊस, घाम आणि नातवंडांचा पॉलिश पेपर पोहोचत नाही, तिथे बंदुकीची जन्मपत्रिका असते. बारीक मुकुट आणि त्याखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ ही इंग्रजी अक्षरं दिसली तर नळी बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून गेलेली आहे. १८१३ साली कायद्याने स्थापन झालेलं हे चाचणीगृह नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी तपासतं आणि टिकली तरच छाप ठोकतं. पत्त्यातल्या चौकटसारख्या आकारात ‘१२’ आणि ‘सी’ असेल तर ती बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), आणि छाप १८८७नंतरचा. १९२१पासून बर्मिंगहॅमने वर्षासाठी एक अक्षरही ठोकायला सुरुवात केली, त्यामुळे काही बंदुकांचं वर्ष नेमकं सांगता येतं. ‘३ टन’ असं काही, म्हणजे दाबाचं माप, लिहिलेलं असेल तर ती १९५४नंतर तपासलेली. लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं असतील, तर घरात कितीही पिढ्या तिला विलायती म्हणून कौतुकाने सांगत आल्या असोत, ती बेल्जियममधल्या लिएजची आहे. आणि मुकुटाचा छापच नाही, पण मॅसॅच्युसेट्सचं नाव आहे, तर ती अमेरिकन. हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, आयव्हर जॉन्सन, स्टीव्हन्स हे तिघंही त्याच राज्यातले, आणि तिथल्या शेतकऱ्याला परवडतील अशा एकनळ्या बनवण्यासाठीच ओळखले जाणारे.

नळीवर मोठ्या अक्षरांत कोरलेल्या नावाने सर्वात जास्त फसगत होते. ‘रॉडा, कलकत्ता’ किंवा ‘मँटन, कलकत्ता’ असं दिसलं की लोकांना वाटतं, हाच कारखाना. ती बहुतेक वेळा विकणाऱ्या पेढीची नावं असतात. माल बर्मिंगहॅमहून यायचा आणि नाव पेढीचं कोरलं जायचं. (२६ ऑगस्ट १९१४ला कलकत्त्यात क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली, ती याच रॉडाच्या मालातली. ते नाव असलेली नळी हातात आली की वडील ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नसत.) बनवणारा कोण हे शोधायचं तर खालचे छाप आणि बंदुकीची घडण बघायला हवी. ग्रीनर या इंग्लिश कारखान्याची ‘जीपी’ मात्र कोणालाही लांबून ओळखता येते: एकनळी, पण मधून मोडत नाही. चापाच्या मागचा दांडा खाली ओढला की मार्टिनी रायफलीसारखा आतला ठोकळा खाली जातो. ती आली की वडील खुर्चीतून उठायचे.

नळीवर बारीक नागमोडी नक्षी असेल तर थांबा. ती दमास्कस नळी असू शकते, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, तापवून, ठोकून जोडलेली. दिसायला फार सुंदर, पण ती काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस घालू नका. तशीच दुसरी अडचण काडतुसाच्या घराची. जुन्या इंग्लिश बंदुकांत ते बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. ती आत जातात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण बार उडताना काडतुसाचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि नळीतला दाब वाढतो. गिऱ्हाइकाला हे सांगायला वडील कधीच कंटाळले नाहीत, आणि मीही कंटाळत नाही.

मग हालत. आतून नळी आरशासारखी आहे की गंजाने खड्डे पडलेत? कुठे फुगवटा, पोचा? बंद केल्यावर नळी आणि मागचा भाग यांच्या फटीतून उजेड दिसतो का? हलवल्यावर खडखडते का? नळी कोणी कापली आहे का? जुन्या एकनळ्या साधारण २८ ते ३२ इंची असतात, आणि तोंडाशी नळी किंचित अरुंद केलेली असते, म्हणजे छर्रे लांबवर एकत्र राहतात. कापली की तो गुण गेला. शिवाय परवानगीशिवाय नळी कापणं त्याच शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे.

आणि कृपा करून ती घासू नका. विकायच्या आधी चकाकावी म्हणून लोक पॉलिश पेपर घेतात आणि छाप, नंबर, जुना तपकिरी रंग सगळं एका दुपारी घालवतात. मऊ फडक्याने तेलाचा हात फिरवा, तेवढं पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न. साध्या देशी एकनळीला आपल्याकडे काही हजारांच्या वर सहसा जाता येत नाही. बंदूक वाईट असते म्हणून नाही. ती फक्त परवानाधारकालाच विकता येते, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने माणशी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काने आलेली बंदूकही त्याच दोनात मोजली जाते. ज्याच्याकडे दोनच जागा आहेत तो त्यातली एक एकनळीवर खर्च करायला सहज तयार होत नाही, आणि ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनी अनेकदा एकनळीच सोडली. परदेशी, छाप स्पष्ट असलेली, आतून स्वच्छ बंदूक मात्र वेगळी. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक आणता येत नाही, त्यामुळे इथे आहेत तेवढ्याच आहेत. चांगल्या ग्रीनरसाठी माणसं जिल्हे ओलांडून यायची. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे बघून हरखू नका किंवा निराश होऊ नका, तो बाजार आपला नाही. स्वतः परस्पर विकणार असाल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, तेही धरून चाला.

देवगडकडच्या एक आजी आठवतात. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून यजमानांची बंदूक जमा करायला आल्या होत्या. मुलाने घासून घासून ती भांड्यासारखी पांढरी केली होती, नाव-नंबर काही दिसेना. आम्हाला वाटलं, संपलं. वडिलांनी पुढचं लाकूड काढलं, आणि खाली मुकुट, चौकट, नंबर जसेच्या तसे, पुस्तकातल्या नंबराशी जुळणारे. त्या छापांवर ती पुढे एका आंबा बागायतदाराला गेली, आजींच्या अपेक्षेहून बऱ्या भावात. पैसे मोजून झाल्यावर त्या वडिलांना म्हणाल्या, “भाऊ, खांद्याचा पट्टा तेवढा सोडून द्या. तो त्यांनी स्वतः शिवला होता.” वडिलांनी पट्टा सोडला आणि त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिला.