टेबल सॉची पाती: २५.४ मिमीचं भोक ३० मिमी करताना

पाती २५४ मिमी व्यासाची, ४० कार्बाइड दातांची, दातांची रुंदी ३.२ आणि बॉडी, म्हणजे दातांच्या आतली पोलादी चकती, २.२ मिमी जाड. आर्बर, म्हणजे पातं ज्यावर बसतं तो यंत्राचा दांडा, ३० मिमीचा. त्रिज्येत फक्त २.३ मिमी धातू काढायचा आहे. भोक मापात आणणं सोपं. केंद्र न हलवता ते मापात आणणं, हे खरं काम.

केंद्र ०.१ मिमी सरकलं, तर शेजारच्या दोन दातांच्या उंचीत ०.०१६ मिमीपर्यंत फरक पडतो. ऐकायला काहीच नाही. पण ४००० आरपीएमला मिनिटाला ५ मीटर लाकूड ढकललं, तर एका दाताच्या वाट्याला येतं ०.०३ मिमी. म्हणजे वाट्याच्या निम्मा फरक! एका बाजूचे दात जास्त खातात आणि लवकर बोथट होतात, समोरचे जवळपास फुकट फिरतात, आणि असमतोल वजनामुळे यंत्र थरथरतं ते वेगळंच.

त्यामुळे फाइल, स्टेप ड्रिल आणि हँड ग्राइंडर बाद. फाइल बॉडीला लागते, आणि तोच मोह आहे. पण हाताने गोल भोक आणि तेच केंद्र दोन्ही साधत नाहीत. स्टेप ड्रिल पातळ पत्र्यात भटकतं आणि भोक तिकोनी होतं. ग्राइंडरची उष्णता त्याहून वाईट: बॉडीला कारखान्यात दिलेला ताण बिघडतो आणि पातं वेगात डुलू लागतं. भोकाभोवती निळी कडी दिसली, तर ते पातं भंगारात.

लेथवरची मांडणी अशी. फेसप्लेटवर, म्हणजे लेथसोबत फिरणाऱ्या सपाट तबकडीवर, एमडीएफची (दाबलेल्या लाकूड-तंतूंच्या फळीची) चकती स्क्रूने घट्ट बसवून तिथेच तिचा पृष्ठभाग कापून सपाट केली. तिचा व्यास २०० मिमी, मुद्दाम दातांपेक्षा आत. दात बॉडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी बाहेर असतात. चकती पूर्ण आकाराची असेल तर पातं दातांवर टेकतं आणि क्लॅम्प आवळताच बॉडी वाकते. मध्यभागी ४० मिमीचा खळगा, टूल आरपार जायला. मग जुन्या भोकात डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळी मापक) लावून रनआउट, म्हणजे फिरताना दिसणारा कमी-जास्तपणा, ०.०२ मिमीच्या आत आणायचा. केंद्र जुन्या भोकावरूनच घ्यावं, दातांच्या टोकांवरून नाही. धार लावताना पातं त्याच भोकावर धरलेलं असतं.

कार्बाइड टिपचा बोरिंग बार (भोक आतून कापून मोठं करणारं हत्यार), ४५० आरपीएम, दर पासला खोली ०.२ मिमी, शेवटचे दोन पास ०.०५ चे. खोली यापेक्षा वाढवली की पत्रा किंचाळतो आणि भोकात लाटा उमटतात. मोजायच्या आधी थंड होऊ द्यावं. व्हर्नियरवर भरवसा नको: सळईतून दोन प्लग वळवून घेतले, ३०.०० चा आत जायलाच हवा, ३०.०३ चा अडायलाच हवा. शेवटी दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची धारदार किनार, दगडाने काढली.

उलट दिशा, म्हणजे मोठं भोक लहान करणं, रिंगने होते. पण पात्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या, म्हणजे फ्लँज, बहुतेक मध्यभागी खोलगट असतात, म्हणून रिंगला त्यांची पकड मिळत नाही. ती पात्यात दाबून किंवा चिकटवून पक्की हवी आणि बॉडीपेक्षा जराशी पातळ. सैल रिंग युरोपीय मानक ईएन ८४७-१ लाही मान्य नाही. आणखी एक फसवी जोडी म्हणजे १६ मिमी भोक आणि पाच सुती आर्बर. पातं सहज बसतं म्हणून कुणाला शंका येत नाही, पण पाच सूत म्हणजे १५.८७५, मोकळीक ०.१२५ मिमी.

तयार पातं बसवून, यंत्राचा विजेचा प्लग काढून, दातांच्या मुळाच्या जरा आत डायल लावला. बाजूचा रनआउट ०.१ मिमीच्या आत हवा. तो जास्त आला तर आधी फ्लँजवरचा भुसा पुसावा, मग पात्याला दोष द्यावा. रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेलं लाकूड मिटू न देणारी पात्यामागची पट्टी, हीही तपासावी: जाडी बॉडीपेक्षा जास्त, दातांच्या रुंदीपेक्षा कमी. पात्यावर छापलेली आरपीएम मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा वरच असायला हवी.

पुढचं पातं ८० दातांचं आणि १.६ मिमी बॉडीचं आहे. तिथे पास ०.१ मिमीवर आणावा लागेल, आणि पातं चकतीवर दाबून धरणारी क्लॅम्पची कडी भोकाच्या आणखी जवळ.